पाथरी: खायची कोणती, टाकायची कोणती

हरभऱ्याच्या वावरात, पाटाच्या कडेला, धुऱ्यावर पाथरी ही रानभाजी दिसायला लागली की तिच्याबद्दलचे प्रश्नही येतात. त्यातले काही इथे घेतो.

धुऱ्यावर पिवळ्या फुलांची दोन-तीन प्रकारची झाडं आहेत. भाजीची पाथरी नेमकी कोणती? (कळंब, जि. यवतमाळ)

आधी पान तोडा. पाथरीची पानं जमिनीलगत गोलाकार पसरलेली, लांबट, कडेने दातेरी आणि मऊ असतात. तोडली की पांढरा चीक येतो. चीक पिवळा आला तर झाड तिथंच टाका; तो पिवळा धोतरा, ज्याला बिलायतही म्हणतात. त्याची पानं काटेरी, शिरा पांढुरक्या. त्याच्या बियांचं तेल मोहरीच्या तेलात मिसळल्यामुळे १९९८ मध्ये दिल्लीत माणसं सुजली आणि दगावली, इतकं ते विषारी.

पण पांढरा चीक म्हणजे पाथरीच, असंही समजू नका. रुईला असतो, दुधी नावाच्या तणालाही असतो. म्हणून फूल बघा. एक पिवळी ‘पाकळी’ चिमटीत धरून अलगद उपटा. टोकाला पाच बारीक दाते दिसतील, बुडाशी पांढऱ्या केसांचा झुबका. ती पाकळी नाहीच, ते एक पूर्ण फूल आहे. बी पिकलं की याच केसांची म्हातारी होऊन उडते. पाथरीत सगळी फुलं अशी पट्टीचीच. सूर्यफुलाला किंवा एकदांडीला मधोमध चकती असते, तशी इथे नसते.

फूल नसताना कोवळ्या गाजरगवताशी गल्लत होते. त्याचं पान केसाळ, खोल कातरलेलं आणि बिनचिकाचं.

मोबाईलवर डँडेलियनचे फायदे सांगतात. ती आपली पाथरीच ना? (मोर्शी)

नाही. दोघी सूर्यफुलाच्या कुळातल्या, पण डँडेलियन थंड हवेची. आपल्या देशात ती हिमालयाकडे भेटते. तिच्या पोकळ, बिनपानाच्या दांड्यावर एकच फूल असतं. पाथरीच्या दांड्याला फांद्या फुटतात आणि त्यांवर अनेक फुलं येतात. तिचे फायदे हिच्या नावावर खपवू नका.

भाजी कडू होते, पोरं ताट सरकवतात. (आर्वी)

तुम्ही उशिरा तोडता. दांडा वर येण्याआधीची पानं घ्या. मला विचाराल तर पाथरी शिजवूच नये: बारीक चिरायची, त्यात कांदा, शेंगदाण्याचा कूट, मीठ, तिखट, वरून कच्चं तेल, सोबत ज्वारीची भाकर. पोरांसाठी मुगाची डाळ घालून करा, कडूपणा झाकला जातो. उकळून पाणी फेकलं तर कडूपणा जाईल, पण चवीचं काही उरणार नाही.

रोज रस घेतला तर साखरेची गोळी बंद करता येईल का?

गोळी बंद करू नका. भाजी म्हणून खुशाल खा. गाजरगवताने अंगाला खाज सुटत असेल तर पाथरीही त्याच कुळातली आहे, आधी थोडीच खाऊन बघा.

हरभऱ्यात फार झाली. निंदली तरी पुन्हा फुटते. (दर्यापूर)

फुटणारच. मूळ सोटासारखं खोल जातं. डवऱ्याने किंवा विळ्याने वरचं गेलं तरी खालून नवी पानं येतात. ओलित दिल्यावर जमीन नरम असताना खुरपीने मुळासकट काढा, आणि तेही म्हाताऱ्या उडायच्या आधी. नंतर काढलेलं झाड धुऱ्यावर टाकलं तर बी वाऱ्यावर शेजाऱ्याच्या वावरात जातं, आणि भांडण तुमच्या घरात येतं.

तणनाशक मारायचं असेल तर त्या वावरातली भाजी सोडून द्या. ग्लायफोसेटसारखं औषध झाडाच्या अंगात भिनतं, धुऊन निघत नाही. शेजारच्या संत्र्याच्या बागेत फवारा चालू असेल तर त्या बाजूच्या धुऱ्यावरचीही तोडू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना शेतकरी आणि मजूर दगावले होते. आपल्याकडे फवाऱ्याला अजूनही हलक्यात घेतलं जातं.

म्हशीला घातली तर दूध वाढतं का?

जनावरं आवडीने खातात, घाला. पण ढेप कमी करून पाथरीच्या भरवशावर राहू नका.