कीर्द-खतावणी वाचता येणारी मुलगी

प्रश्न: मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सीए सोडून तिला अमेरिकेतल्या उद्योगधंद्यांचा इतिहास शिकायचाय, पीएच.डी.ही तिकडेच करायची म्हणते. कॉमर्सची वर्षं वाया जाणार का? पोटापाण्याचं काय? – एक वडील, सातारा

स. न. वि. वि.

वर्षं वाया जाणार नाहीत. या विषयात अडचण उलटीच असते. इतिहास शिकलेल्या बऱ्याच मुलांना जमाखर्च वाचता येत नाही.

१८४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात थॉमस अॅफ्लेक यांनी कापसाच्या मळेवाल्यांसाठी छापील हिशेबवह्या काढल्या. एका पानावर गुलामांची नावं आणि प्रत्येकाने रोज किती पौंड कापूस वेचला त्याचे रकाने. दुसऱ्या पानावर त्याच माणसांची वर्षारंभीची आणि वर्षअखेरची किंमत. तुमची मुलगी यंत्रावरच्या घसाऱ्याची, म्हणजे वापराने दरवर्षी घटणाऱ्या किमतीची, गणितं सोडवत असेल. इथे यंत्राच्या जागी जिवंत माणूस आहे. वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या आकड्यांतून मालक काय ठरवत होता हे उलगडायला ताळेबंद कळावा लागतो. तो तिला कळतो.

आणि हा कापूस आपल्यापासून दूर नाही. १८६१ला तिथे यादवी युद्ध पेटलं, कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेची बंदरं रोखली गेली, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत समुद्रात भराव घालून जमीन करायला निघालेल्या बॅक बे कंपनीचे शेअर मातीमोल झाले. म्हणून तिने सुरुवात इथूनच करावी. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं दप्तर आहे, पुण्यात टाटा उद्योगसमूहाचं असंच दप्तर, टाटा सेंट्रल अर्काइव्हज आहे. परवानगी काढून सुट्टीत मूळ कागद चाळावेत, त्यावर वीसेक पानांचा निबंध लिहावा. पीएच.डी.च्या अर्जासोबत असं लेखन मागतात आणि ते फार बारकाईने वाचलं जातं.

बी.कॉम. पूर्ण करू द्या. मग इथेच इतिहासात एम.ए.; बऱ्याच विद्यापीठांत कुठल्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळतो. कर्ज काढून अमेरिकेत एम.ए. करायला मात्र मी साफ नको म्हणेन. तिथल्या चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.ला फी माफ असते, वर विद्यावेतन मिळतं आणि त्या बदल्यात शिकवावं लागतं. पाच-सहा वर्षं सहज जातात. डेलावेअर विद्यापीठ तिने जरूर पाहावं. जवळच हॅगली ग्रंथालय आहे, ब्रँडिवाइन नदीकाठी, जिथे १८०२मध्ये उद्योजक ड्यू पाँ यांनी बंदुकीच्या दारूचा कारखाना उभारला. कंपन्यांची जुनी दप्तरं तिथे सांभाळलेली आहेत.

पोटापाण्याचं खरं सांगतो. प्राध्यापकीच्या जागा तिकडे कमी आहेत, इकडेही. त्यावरच भिस्त ठेवू नका. कंपन्यांचे अभिलेखागार, आर्थिक पत्रकारिता, संशोधन संस्था या वाटा तिने आतापासून डोळ्यासमोर ठेवाव्यात. सीएची दारं बी.कॉम.नंतरही उघडी असतात, तेव्हा आज तिच्यावर निवड लादू नका. दिवाळीच्या सुट्टीत तिला मुंबईला घेऊन जा, आणि शक्य असेल तर तुम्हीही तिच्याबरोबर त्या कागदांपाशी बसा.