लेस्टरला केबल कुठली घ्यावी? आधी छपरावर बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. फोंड्याहून इंग्लंडमधल्या लेस्टरच्या इस्पितळात नर्स म्हणून जाताय, यजमान आणि सात वर्षांचा मुलगा बरोबर, सासूबाई मागाहून सहा महिने राहायला येणार. तिथे टीव्हीसाठी केबल कुठली घ्यावी, महिन्याला किती धरावेत, आणि इथला टीव्ही बरोबर न्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी लेस्टरला २०११ पासून आहे. आत्ता चवथीला म्हार्दोळला घरी आलोय. माडाची झावळी तारेवर पडली आणि कालपासून आमची केबल बंद आहे. केबलवाला ‘आलोच’ म्हणून गेलाय तो अजून येतोच आहे. तेव्हा लिहायला सवडही आहे आणि विषयही ताजा आहे.

केबल घेऊ नका. निदान पहिल्या वर्षी तरी नको.

आपल्याकडे टीव्ही लावायचा म्हणजे केबल नाहीतर डिश, आणि दरमहा पैसे हे डोक्यात पक्कं बसलंय. मीही तसाच गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात दुकानात जाऊन ब्रॉडबँड, फोन आणि टीव्ही असं तिन्हीचं एकत्र पॅकेज गळ्यात घालून घेतलं, दीड वर्षाच्या कराराचं. तीन महिन्यांनी शेजारच्या आजोबांनी बोट वर करून दाखवलं, तेव्हा कळलं की आमच्या छपरावर धुराड्याला बांधलेला अँटेना आहे, त्याची वायर भिंतीतून बैठकीच्या खोलीत उतरलीय, आणि मी ज्याचे पैसे भरत होतो त्यातले निम्मे चॅनल त्या वायरीत फुकट येताहेत. करार मोडायला दंड होता, म्हणून उरलेले पंधरा महिने मुकाट्याने भरले.

तिथे त्याला एरियल म्हणतात. दिसतो बांगड्याच्या काट्यासारखा. आपल्या लहानपणी कौलांवर असायचा तोच, पणजीच्या आल्तिनो टेकडीवरच्या दूरदर्शनकडे तोंड करून. दादा छपरावर, मी अंगणात, आणि आतून आईचा आवाज: ‘आलं… गेलं… थांब थांब, गेलं!’ इथून तो केव्हाच हद्दपार झाला, तिथे मात्र टिकला. फक्त आतला सिग्नल बदलला. ब्रिटनने २०१२ पर्यंत सगळं जुनं अ‍ॅनालॉग प्रसारण बंद करून डिजिटल केलं. या छपरावरच्या फुकट सेवेला फ्रीव्ह्यू म्हणतात, ती २००२ साली सुरू झाली. सत्तरच्या आसपास चॅनल येतात. त्यातले बरेच कोणी बघत नाही, पण बीबीसी, आयटीव्ही, चॅनल ४ आणि ५ हे मुख्य सगळे त्यात आहेत, एचडीसुद्धा. दरमहा काही नाही, रिचार्ज नाही, कार्ड नाही. तिथे विकत मिळणाऱ्या जवळजवळ कुठल्याही टीव्हीच्या पोटात त्याचा ट्यूनर असतो. वायर खुपसायची, मेन्यूत जाऊन चॅनल शोधायला लावायचे, पाच-दहा मिनिटांत काम झालं.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघर नि बाथरूम यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी बघा. एक, छपरावर एरियल आहे का. दोन, बैठकीच्या भिंतीवर कुठलं सॉकेट आहे. गोल, सरळ आत ढकलायची पिन जाते ते एरियलचं. आट्यांचं, पिरगळून बसवायचं, आपल्या डिशच्या बॉक्सला असतं तसं, ते छत्रीचं, म्हणजे डिश अँटेनाचं. भाड्याच्या घरात बहुधा दोन्हीपैकी एक असतंच. दोन्ही असतील तर तुम्ही नशीबवान.

लेस्टरपुरतं सांगतो. शहरातली बहुतेक घरं वॉल्थमच्या मनोऱ्यावरून सिग्नल घेतात. तो मेल्टन मोब्रेच्या बाजूला, शहराच्या ईशान्येला आहे. पश्चिमेकडच्या काही घरांचे एरियल मात्र बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डकडे वळलेले दिसतात. चॅनल तेच, पण स्थानिक बातम्या बदलतात. संध्याकाळी साडेसहाला बीबीसी वनवर वॉल्थमवाल्यांना लेस्टर-नॉटिंगहॅम-डर्बीच्या बातम्या लागतात, दुसऱ्यांना बर्मिंगहॅमच्या. म्हणजे फोंड्यात बसून बेळगावचं हवामान ऐकण्यासारखं. बर्फामुळे शाळा बंद, कुठला रस्ता अडला, इस्पितळाचं काय चाललंय, हे त्या अर्ध्या तासात कळतं. म्हणून गल्लीतले बाकीचे एरियल कुठे बघताहेत ते पाहा. फ्रीव्ह्यूच्या संकेतस्थळावर पोस्टकोड आणि घर क्रमांक घातला की त्या पत्त्यावर काय काय मिळेल तेही दिसतं, घर नक्की करण्याआधीच बघून घ्या. खेड्यात, दरीत घर असेल तर सिग्नल छोट्या रिले मनोऱ्यावरून येतो आणि तिथे सहसा निम्म्याहून कमीच चॅनल मिळतात. अशा घरांच्या एरियलचे काटे बहुधा आडवे नसून उभे असतात, त्यावरून ओळखता येतं.

एरियल नसेल तर खिडकीत ठेवायचा छोटा अँटेना दहा-वीस पाउंडांत मिळतो. माझा अनुभव फारसा चांगला नाही. वरच्या मजल्यावर, ईशान्येच्या खिडकीत चालला. खाली स्वयंपाकघरात बायको फ्रिजजवळून गेली तरी चित्र थिजायचं. डिजिटलमध्ये मुंग्या नसतात, एकतर स्वच्छ दिसतं नाहीतर चौकोन चौकोन होऊन अडकतं, मधलं काही नाही. आणि एक गंमत ऐका. आपल्याकडे पावसात चित्र जातं. तिथे ते जातं उन्हाळ्यातल्या छान, स्वच्छ, वारा पडलेल्या दिवशी. हवेचा दाब चढला की लांबच्या मनोऱ्यांचे सिग्नल वाट वाकडी करून तुमच्या एरियलपर्यंत पोचतात आणि गोंधळ घालतात. अशा वेळी चॅनल पुन्हा शोधायला लावू नका, आहेत तेही पुसले जातील. एक-दोन दिवस जाऊ द्या, आपोआप येतं.

भिंतीवर आधीच्या भाडेकरूची छत्री उरली असेल तर तीही कामाची. पूर्वी तिच्यावर पैशाचं पॅकेज असलं तरी छत्री ती छत्रीच. फ्रीसॅट या फुकट उपग्रह सेवेचा बॉक्स, किंवा उपग्रह ट्यूनर असलेला टीव्ही, तिला जोडला की फुकटचे चॅनल मिळतात, आपल्या डीडी फ्री डिशसारखेच. फक्त ती छत्री आग्नेयेकडे, २८.२ अंश पूर्वेच्या उपग्रहांवर रोखलेली असायला हवी. तिथल्या बहुतेक असतात. नवी छत्री ठोकायची तर घरमालकाला विचारल्याशिवाय भिंतीला ड्रिल लावू नका.

तिसरा रस्ता इंटरनेटचा. बीबीसीचं आयप्लेयर, आयटीव्हीएक्स, चॅनल ४ आणि ५ यांची अ‍ॅप फुकट आहेत. २०२४ पासून काही नव्या टीव्हींत फ्रीली म्हणून सोय येते. तिच्यात हेच थेट चॅनल ब्रॉडबँडवरून दिसतात, एरियल नसला तरी. फ्लॅट घेणार असाल आणि छपराशी तुमचा संबंधच नसेल तर टीव्ही घेताना हे विचारून घ्या.

आता पैशाचं. मी फुकट फुकट म्हणतोय, पण टीव्ही लायसन्स नावाचं प्रकरण आहे आणि आपली माणसं नेमकी तिथेच फसतात. माझ्या आजोबांच्या कपाटात रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक होतं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे. आपल्याकडे ते कधीच संपलं, तिथे टीव्हीचं अजून आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये ते वर्षाला १६९.५० पाउंड झालं, २०२५ च्या एप्रिलमध्ये १७४.५०. एप्रिल आला की थोडं वर सरकणार असं धरूनच हिशेब करा. आपल्या रुपयांत वीस हजारांच्या घरात जातं. हप्त्यांनी भरता येतं.

लायसन्स टीव्हीच्या डब्यावर नसतं, बघण्यावर असतं. कुठलाही चॅनल प्रसारण चालू असताना थेट बघितला, मग तो टीव्हीवर असो, लॅपटॉपवर असो की फोनवर, तर लायसन्स हवं. आयप्लेयरवर काहीही बघितलं, अगदी शिळा कार्यक्रमही, तरी हवं. आणि ‘कुठलाही चॅनल’ म्हणजे परदेशी चॅनलही आला. सासूबाईंनी यूट्यूबवर मराठी बातम्यांचा चॅनल लाइव्ह लावला तरी ते थेट प्रसारणच झालं. ‘आम्ही इंग्रजी काही बघतच नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही. मी आमच्याच मंडळींना हे उत्तर देताना ऐकलंय. दंड १००० पाउंडांपर्यंत होऊ शकतो आणि प्रकरण कोर्टात जातं. व्हिसावर असलेल्या माणसाने ही कटकट कशाला ओढवून घ्यावी?

उलट मालिका मागाहून झी५ वर बघितली, नेटफ्लिक्सवर सिनेमा बघितला, यूट्यूबवर कोणाचं भजन-कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावलं, तर लायसन्स लागत नाही. चवथीची आरती घरच्यांनी व्हिडिओ कॉलवर दाखवली तर तो टीव्ही नव्हेच. फक्त एवढंच बघणार असाल तर लायसन्स नको असं कळवून टाकता येतं. नाहीतर ‘लीगल ऑक्युपायर’ अशा नावाने पत्रांवर पत्रं येतात. पहिलं पत्र आलं तेव्हा मी हे कोण म्हणून टपालवाल्याला परत द्यायला निघालो होतो.

तुमच्यासाठी यातली महत्त्वाची बाब: सुरुवातीला इस्पितळाच्या क्वार्टर्समध्ये किंवा वाटून घेतलेल्या घरात राहणार असाल तर करार बघा. सगळ्यांचा मिळून एकच भाडेकरार असेल तर सहसा घराला एक लायसन्स पुरतं. प्रत्येकीचा खोलीपुरता वेगळा करार असेल तर आपापल्या खोलीत बघायला आपापलं लायसन्स लागतं. ‘वॉर्डातल्या मैत्रिणीकडे आहे’ म्हणून भागत नाही. पुढे स्वतंत्र घर घेतलंत की मात्र एका लायसन्सात सगळं घर, सगळे टीव्ही, आणि सहा महिन्यांच्या पाहुण्या सासूबाईही आल्या. घर बदललं तर पत्ता बदलून घ्यायला विसरू नका.

‘सगळे भारतीय चॅनल, एकदाच पैसे’ असं सांगून काळा बॉक्स विकणारा कोणीतरी तुम्हाला पहिल्या महिन्यातच भेटेल. बहुधा आपल्यातलाच असेल. मीही घेतला होता, ऐंशी पाउंडांना. दोन महिन्यांत बंद पडला, तोही चवथीच्या आदल्या दिवशी, आणि विकणाऱ्याचा फोनही त्याच्याबरोबर बंद पडला. मुळात ते बेकायदा आहे.

यजमानांना क्रिकेटचं वेड असेल तर आताच सांगून ठेवा: फुकटात फार काही नाही. इंग्लंडमधले कसोटी सामने २००५ नंतर पैशाच्या चॅनलवर गेले. कधीतरी लॉटरी लागते. २०१९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना चॅनल ४ वर दिसला, २०२१ च्या सुरुवातीची आपल्याकडची इंग्लंडविरुद्धची कसोटी मालिकाही. त्या मालिकेच्या वेळी आम्ही पहाटे चारला उठून चहा टाकायचो.

मुलासाठी मात्र एरियल म्हणजे शिकवणीच. २०१ क्रमांकावर सीबीबीसी, लहानांचा सीबीबीज २०२ वर, दोन्हीवर जाहिराती नाहीत. खाली इंग्रजी अक्षरं चालू ठेवा. शाळेत बाकीची मुलं काय बोलताहेत ते त्याला कळायला लागेल, आणि लेस्टरचे उच्चार तुम्हालाही. पेशंट ‘मी डक’ (म्हणजे ‘माय डक’) म्हणून हाक मारतील तेव्हा दचकू नका, ती तिथली माया आहे.

टीव्ही इथून नेऊ नका. वीज तीच, २३० व्होल्ट, प्लगही बदलता येतो, पण आपल्या टीव्हीत तिथलं प्रसारण पकडणारा ट्यूनर असेलच असं नाही, आणि सामानात पडदा फुटला तर काय करणार? चॅरिटी शॉपमध्ये तपासून ठेवलेले जुने टीव्ही स्वस्तात मिळतात. तेवढ्या वजनात सोलं आणि तिरफळं न्या. बेलग्रेव्ह रोडवर गुजराती सगळं मिळतं, तिरफळं मिळत नाहीत.

राहता राहिल्या सासूबाई. इथली आठची मालिका तिथे उन्हाळ्यात दुपारी साडेतीनला आणि हिवाळ्यात अडीचला पडते. तुम्ही तेव्हा ड्युटीवर असाल, म्हणून रिमोट आधी शिकवून ठेवा. माझ्या आईसाठी मी तीन बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या होत्या. ती एप्रिलमध्ये आली होती. इंग्रजीचा एक शब्द येत नाही, मालिकाही तिला दोन दिवसांत कंटाळवाणी झाली, कारण गोष्ट पुढे सरकत नव्हती. मग एका दुपारी बीबीसीवर शेफील्डची स्नूकरची जागतिक स्पर्धा लागली. सतरा दिवस ती हलली नाही. कोण आधी लाल घालवतो, कोण काळ्यावर नजर ठेवून बसलाय, सगळं तिला कळत होतं, आणि एखाद्याचा नेम चुकला की ‘अरे बाबा, घाई कशाला’ म्हणून त्याला समजावायची. काल केबल गेल्यापासून दोनदा विचारून झालंय, ‘तुझ्याकडचा तो लाल चेंडूंचा खेळ इकडे दिसत नाही का रे?’