शेतीचे प्रश्न : गव्हाची मळणी, घरचीच माणसं

प्रश्न : देपालपूरजवळ आमचा 3 एकर गहू आहे. गुरांना भुसा लागतो म्हणून हार्वेस्टर लावत नाही. आई-बाबा, दादा-वहिनी, मी आणि बारा वर्षांचा पुतण्या मिळून कापतो, थ्रेशर भाड्याचा. गेल्या वर्षी दाणा फुटला आणि भुशातही गेला. काय चुकतं? आणि कामं कशी वाटावीत?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : दाणा फुटतो तो बहुधा थ्रेशरचा मळणारा ड्रम जास्त वेगाने फिरल्यामुळे, किंवा ड्रम आणि जाळी यांच्यातलं अंतर कमी असल्यामुळे. गहू फार कोरडा असेल तर आणखीच. भुशात दाणा जातो तेव्हा पंखा जोरात असतो. उलट, ओंब्या न मळता बाहेर पडत असतील तर पेंड्या ओलसर आहेत. त्या आणखी एक-दोन दिवस वाळू द्या. काम लवकर उरकायला चालक वेग वाढवू शकतो, म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच थांबवून धान्याची आणि भुशाची एकेक मूठ हातात घेऊन बघा. फरक लगेच कळतो.

कापणी पहाटे, दवात करा. उन्हात पिकलेल्या ओंब्या झडतात.

आता माणसं. थ्रेशरमध्ये पेंडी लावायला दादा. तासाभराने तुम्ही त्याची जागा घ्या, कारण थकलेला हातच आत ओढला जातो. पेंडी ओंबीकडून द्यावी, आणि शेवटचा मूठभर काड हाताने कधीही ढकलू नये. तोंडापुढचा पत्रा किमान 90 सेंटीमीटर लांब आणि त्यातला 45 सेंटीमीटर वरून झाकलेला हवा. तसा नसेल तर ते यंत्र परत पाठवा, इथे भीड नको. वहिनींनी आणि बाबांनी पेंड्या आणून द्याव्यात. पदर खोचलेला, केस बांधलेले, हातात कडं-बांगड्या नाहीत. आईंनी गहू पोत्यात भरावा, तोंडावर फडकं बांधून. पुतण्याला पाणी आणायला ठेवा. पट्ट्याच्या जवळपासही नको.

गंजी विजेच्या तारांखाली लावू नका. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी हवी, आणि पाण्याने भरलेला ड्रम हाताशी.

प्रश्न : कोठीत भरण्याआधी गहू किती वाळवावा?

उत्तर : ओल 12 टक्क्यांच्या खाली हवी. दाताखाली ‘कट्‌’ असा आवाज झाला तर समजा झालं. उन्हातला गरम गहू मात्र लगेच भरू नका, आधी गार होऊ द्या. धान्यातली कीड मारणाऱ्या सल्फासच्या गोळ्या राहत्या घरात मुळीच ठेवू नयेत, त्यांचा वायू जीव घेतो.