देवमासा मोठा की मोसासॉर? आणि दोघांची झुंज झाली तर कोण जिंकेल?

मोठा देवमासाच. निळा देवमासा 30 मीटरच्या आसपास जातो, वजन दीडशे टनांच्या घरात. मोसासॉर म्हणजे घोरपडीच्या नात्यातला समुद्री सरडा. त्यातला सगळ्यात थोराड मोसासॉरस हॉफमनी 12-13 मीटर धरा, फार ताणलं तर 17. झुंजीचं विसरा. मोसासॉर 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपले आणि देवमाशांचे पहिले पूर्वज त्यानंतर दीडेक कोटी वर्षांनी आले. तोंडओळखसुद्धा नाही.

खरी गंमत हाडांची आहे. तिथे भल्याभल्यांची फसगत झालीय. 'नावात सॉरस (ग्रीकमध्ये सरडा) आहे म्हणजे सरडाच' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसतं उत्तर देऊन भागत नाही.

अठराव्या शतकात नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या चुनखडीच्या खाणींतून मोसासॉरचे प्रचंड जबडे निघाले. काहींनी मगर ठरवली. डच शरीररचनातज्ज्ञ पेत्रुस कॅम्परनं मगर नाही हे बरोबर ओळखलं, पण थेट देवमाशावर उडी मारली. पुढे त्याच्याच मुलानं, आद्रियान कॅम्परनं, ते घोरपडीच्या कुळाशी जोडलं आणि 1808 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ कुव्हियेनं त्यावर शिक्का मारला. म्हणजे सरड्याला देवमासा म्हटलं गेलं.

अमेरिकेत नेमकं उलटं झालं. लुइझियानातून आलेले रुंदीपेक्षा लांबीच जास्त असलेले मणके बघून अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञ रिचर्ड हार्लननं 1834 मध्ये नाव दिलं बॅसिलोसॉरस, सरड्यांचा राजा. 1839 मध्ये तो नमुने घेऊन लंडनला गेला. तिथल्या शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेननं दात तपासले, तर दाढांना दोन-दोन मुळं! अशी दाढ सस्तन प्राण्याची. राजा निघाला देवमासा. ओवेननं नवं नाव सुचवलं, पण आधी दिलेलं नाव टिकतं हा नियम, त्यामुळे 'सॉरस' आजही चिकटलेलंच आहे. 1845 मध्ये तर आल्बर्ट कोखनं याच प्राण्याचे मणके एकामागे एक जोडून 114 फुटी 'समुद्री सर्प' न्यूयॉर्कमध्ये पैसे घेऊन दाखवला. शरीररचनातज्ज्ञ जेफ्रीज वायमननं तो उघडा पाडला: दाढा दुमुळी, आणि हाडं वेगवेगळ्या वयाच्या अनेक प्राण्यांची.

तेव्हा संग्रहालयात गेलात तर पाटी नंतर वाचा, आधी खालचा जबडा बघा. देवमाशाच्या जबड्याची प्रत्येक बाजू म्हणजे एकच अखंड हाड. मोसासॉरची अनेक हाडांची, आणि मधोमध एक सांधा. मग टाळूकडे बघा: मोसासॉरला तिथेही दातांची रांग असते, देवमाशाला कधीच नसते. मोसासॉरच्या दाताचा बुंधा फुगीर असतो, हाडाला सांधल्यासारखा, आणि बुडाशी बऱ्याचदा नव्या दाताचा खळगा दिसतो. पूर्ण सांगाडा असेल तर शेपूटही बघा, पण जपून. मोसासॉरची टोकाशी खाली वाकते आणि डावी-उजवीकडे हलायची, देवमाशाची वर-खाली. मांडणी करणाऱ्यानं ती कशीही बसवलेली असू शकते. लांबीवर तर मुळीच जाऊ नका, कोखनं नेमकं तेच विकलं.

मागचे पाय दिसले म्हणून सरडा, हेही चालणार नाही. इजिप्तच्या वादी अल-हितानमध्ये बॅसिलोसॉरसचे चिमुकले मागचे पाय मिळालेत, गुडघा आणि बोटांसकट. चालायला ते निरुपयोगीच होते.

एक राहिलं. दुमुळी दाढांची खूण जुन्या देवमाशांपुरतीच. आजच्या डॉल्फिनचे आणि स्पर्म व्हेलचे दात एकमुळी, शंकूसारखे, वरवर सरड्याचेच वाटतील असे. तिथे कवटीखालचं कानाचं हाड शोधा, देवमाशात ते एका बाजूनं चांगलंच जाड आणि घट्ट असतं. आणि निळ्या देवमाशाला तर दातच नसतात, नुसती अन्न गाळायची झालर असते. तिथे मुळं मोजायला बसू नका.