कॉमन मॉरमॉनच्या माद्या दोन तऱ्हेच्या का दिसतात?
खानापूरकडच्या परसात कढीपत्त्यावर अंडी घालणाऱ्या कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या काही माद्या नरासारख्या, तर काही लाल ठिपक्यांच्या का, असा आपला प्रश्न आहे. लाल ठिपक्यांची मादी कॉमन रोझची नक्कल करते. ते फुलपाखरू अळी असतानाच सापसंदवर्गीय वेलींचे विष अंगी साठवते, म्हणून पक्षी त्याला टाळतात. मॉरमॉनची मादी कोणत्या तऱ्हेची दिसणार, हे ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकावर ठरते, असे २०१४ मध्ये दिसून आले: त्याच्या एका रूपात डीएनएचा तुकडा उलटा बसलेला असल्याने नक्षीचे घटक पिढ्यानपिढ्या एकत्र राहतात, आणि ते रूप प्रभावी असल्यामुळे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आले तरी पुरते. नरातही ते असू शकते, पण पंखांवर उमटत नाही. नक्कल मात्र थोडी कच्चीच म्हणावी लागेल, कारण रोझच्या अंगावर लाल रंग असतो, हिचे अंग काळेच राहते.