अमेरिकेतल्या खेड्यात बारावीला दहा-बाराच मुलं असतील, तर हायस्कूलची फुटबॉल टीम (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, चेंडू हाताने फेकायचा-झेलायचा) कशी जमते?

सहा जणांत! थट्टा नाही. अकरा गडी जमत नाहीत म्हणून १९३४ मध्ये नेब्रास्कातल्या स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने सहा खेळाडूंचा फुटबॉल काढला. मैदान ८० यार्ड लांब, ४० रुंद. सहाही जणांना पास झेलता येतो, त्यामुळे गुण नुसते धो धो पडतात. मध्यंतरापासून पुढे कधीही एका टीमची आघाडी ४५ गुणांची झाली की खेळ तिथेच थांबवतात, उगाच समोरच्यांची धुलाई नको. टेक्सासातल्या छोट्या शाळा आजही हाच खेळतात.

अशा गावात बहुतेकदा बालवाडी ते बारावी एकाच इमारतीत भरते. शाळा सरकारी असली तरी कारभार गावाने निवडून दिलेल्या बोर्डाचा, आणि पैशाचा मोठा वाटा घरा-शेतांवरच्या करातून. खर्च आणि शिक्षकांची टंचाई यामुळे काही ठिकाणी आठवड्यात चारच दिवस शाळा.

मला जास्त मजा वाटते ती निळ्या कॉर्डरॉय जॅकेटची. शेतकी शिकणाऱ्या मुलांची एफएफए (फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका) ही संघटना १९२८ पासूनची, तिचंच हे जॅकेट. जॅकेटवर पुढे मुलाचं नाव, पाठीवर राज्याचं आणि शाखेचं, सगळं मक्याच्या पिवळ्या धाग्यात.

पट फारच घसरला तर शेजारच्या गावाशी शाळा जोडतात. मग खरं भांडण अभ्यासावरून होत नाही, टीमचं नाव कोणाचं ठेवायचं यावरून होतं.