गारा, ऊन आणि गच्चीवरचा गवती चहा

प्रश्न: ताई, आम्ही परभणीला राहतो, गच्चीवर काळ्या मातीच्या आठ-दहा कुंड्या आहेत. फाल्गुन लागल्यापासून काही कळंनाच झालंय, दुपारी चटका, पहाटे गारवा आणि मागच्या आठवड्यात तर गारा. गवती चहाची टोकं वाळायलीत, पुदिना पिवळा पडायलाय, मी तर सकाळ-संध्याकाळ न चुकता बोअरचं पाणी घालते. आणि बिनपत्तीचा घरचा चहा कडू होतो, पोरं तोंड लावत नाहीत. काय करू?

उत्तर: ताई, आधी पाणी कमी करा. ‘न चुकता’ वाचलं आणि शंका तिथंच आली. आपली काळी माती वरून भेगाळते, कोरडी दिसते, पण खाली चिक्कट ओली असते आणि मुळांना हवा मिळत नाही, पुदिना पिवळा पडायचं कारण बहुतेक तेच. दोन पेरं बोट खुपसून बघा, ओलं लागलं तर राहू द्या, आभाळ आलं असेल त्या दिवशी तर नकोच. जमलं तर मातीत तितकीच वाळू आणि तितकंच कुजलेलं शेणखत मिसळून कुंड्या परत भरा, संध्याकाळी भरा म्हणजे झाड सुकत नाही.

टोकं वाळायला बोअरचे क्षारही कारणीभूत असतात, कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसतोय का बघा. अवकाळी पडला की बादल्या लावून ठेवा, ते पाणी झाडांना सोन्यासारखं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार अजूनच जास्त. पाणी वाया घालवायला आपला जीव होत नाही हे खरंय, 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं कोण विसरंल, पण हे आरओचं पाणी फरशी पुसायला वापरा.

गारांनी फाटलेला गवती चहा जमिनीपासून चार बोटं ठेवून सरळ कापा, गड्ड्यातून परत फुटतो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडा. वर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा, जरा उतार देऊन, म्हणजे गारांचा ढीग साचून जाळी खाली येत नाही.

आता चहा. तुम्ही सगळं एकत्र टाकून खळाखळा उकळत असणार, तुळस-पुदिना तसा उकळला की वास उडतो आणि कडसर चव राहते. गवती चहाची पात चिवट, तिला उकळी लागतेच, बुडाकडचा पांढरा भागही ठेचून घ्या, त्यालाही चांगला वास असतो. पात, हा भाग आणि आलं पाचेक मिनिटं उकळा, गॅस बंद करा, मग पुदिन्याची पाच-सहा आणि तुळशीची दोनच पानं टाकून झाकण ठेवा. पत्ती नसली की कॅफीनही नाही, त्यामुळं पोरांना संध्याकाळी अर्धा कप द्यायला हरकत नाही. गूळ चालतो, पण दूध घालणार असाल तर गूळ गॅस बंद केल्यावरच, नाहीतर फाटतं. आणि पातीवर तांबूस ठिपके, म्हणजे तांबेरा दिसला, तर ती पानं चहात नकोत.